शाहजोग

मुंबईहून कोलकात्याकडे निघालेला ट्रक मलकापूर मागे टाकतो आणि नांदुरा यायच्या आधी वडनेर भोलजीवरून जातो. बुलढाणा जिल्ह्याच्या नांदुरा तालुक्यातलं हे गाव परमुलखातल्या चालकांना ठाऊक आहे ते या रस्त्यामुळे. रस्त्याचा क्रमांक पूर्वी ६ होता, आता ५३ झाला. जुन्या माणसांच्या तोंडी अजून 'एनएच सिक्स'च. इथून जाणाऱ्या जवळपास प्रत्येक मोटारीच्या आणि ट्रकच्या काचेला आतून एक पट्टी चिकटवलेली असते. टोलनाक्याच्या छताखालून गाडी सरकते, वरचं यंत्र पट्टी वाचतं आणि पैसे जातात. चालक खिशात हात घालत नाही. पिन नाही, ओटीपी नाही, सही नाही, अंगठा नाही. गाडीचा मालक त्या वेळी सुरतेत गाढ झोपलेला असला तरी काही अडत नाही.

फोनला निदान कुलूप घालता येतं. या पट्टीला ते घालायची सोयच नाही. १५ फेब्रुवारी २०२१ च्या मध्यरात्रीपासून फास्टॅग सक्तीचा झाला आणि न विचारता पैसे देणारी ही वस्तू कोट्यवधी गाड्यांवर फिरू लागली. मग साहजिकच शंका आली: काचेजवळ आलेला कोणीही ती वाचून पैसे काढणार नाही कशावरून? जून २०२२ मध्ये एका चित्रफितीने ही शंका देशभर नेली. सिग्नलवर काच पुसणारा मुलगा मनगटावरच्या घड्याळाने फास्टॅग स्कॅन करतो आणि पळून जातो, असं तिच्यात दाखवलं होतं. ती बनावट निघाली. फास्टॅग चालवणाऱ्या एनपीसीआयने तेव्हा दिलेला खुलासा मात्र नीट वाचण्यासारखा आहे. फास्टॅगमधून एका माणसाकडून दुसऱ्या माणसाकडे पैसे जातच नाहीत, जातात ते फक्त नोंदणी झालेल्या टोलनाक्याकडे किंवा वाहनतळाकडे. त्यातही त्या नाक्याची जागा ठरलेली, त्याची बँक ठरलेली. पट्टी कोणीही वाचो, वसुली मात्र वाटेल त्याला करता येत नाही.

म्हणजे इथला पहारा पैसे देणाऱ्याच्या दारावर नाही, घेणाऱ्याच्या दारावर आहे. आजच्या वाचकाला हे नवं वाटेल. दीडशे वर्षांपूर्वीच्या खामगावातल्या एखाद्या मुनिमाला ते एका वाक्यात कळलं असतं, कारण तो रोज असाच कागद हाताळत होता आणि त्याला शाहजोग हुंडी म्हणत होता.

वडनेरच्या पूर्वेला, नांदुऱ्याच्या पुढे खामगाव. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे १८६१ ते १८६५ या काळात लँकेशायरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेना, आणि वऱ्हाडच्या काळ्या जमिनीला सोन्याचा भाव आला. हा मुलूख १८५३ च्या तहाने निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात आलेला होता. रेल्वे भुसावळ ओलांडून मलकापूर, नांदुरा, जलंब, शेगाव करत १८६७ साली नागपूरला पोचली. जलंबपासून खामगावला फाटा काढला गेला १८७० मध्ये, आणि त्यासाठी व्हाइसरॉय लॉर्ड मेयो खुद्द खामगावला आला. एका बाजारपेठेसाठी हिंदुस्थानच्या व्हाइसरॉयने वाकडी वाट करावी, यावरून तिथे होणाऱ्या उलाढालीचा अंदाज बांधता येतो.

कापूस रेल्वेने मुंबईला गेला, पण पैसे उलट दिशेने कसे आणायचे? शेतकऱ्याला चांदीचा रुपया हवा. तेव्हाचा रुपया बरोबर एक तोळ्याचा आणि मण ३२०० तोळ्यांचा. हिशेब केला तर दहा हजार रुपये म्हणजे तीन मण पाच शेर वजन. एवढी चांदी बैलगाडीत घालून रानावनातून न्यायची तर पहारेकरी लागणार, आणि पहारेकऱ्यांवर नजर ठेवायला आणखी माणसं लागणार. त्यापेक्षा मुंबईच्या पेढीवर लिहिलेला कागद, म्हणजे हुंडी, बरा. शेतकऱ्याच्या पदरात शेवटी रोकडच पडायची, पण व्यापारी आणि पेढ्या यांच्यातला मोठा व्यवहार कागदावर उरकायचा.

हा कागद फारच नाजूक होता. वाटेत चोरीला जाणार, भिजणार, आकडा खोडून वाढवला जाणार. पेढीवाल्यांनी यातल्या प्रत्येक धोक्यावर एकेक तोड काढलेली दिसते. हुंडीत रक्कम आकड्यात आणि अक्षरात तर लिहायचीच, शिवाय तिची निम्मी रक्कम लिहून 'त्याची दुप्पट' असंही नोंदवायचं. हजाराचे दहा हजार करणाऱ्याला मग पाचशेही बदलावे लागणार. हुंडी हरवली तर दुसरी प्रत निघे, तिला पेठ म्हणत. पेठही हरवली तर परपेठ. पैसे चुकते झाले की तिचा खोका झाला, म्हणजे तोच कागद पुन्हा वटवता येणार नाही. आज बँकेचा सर्व्हर एकच व्यवहार दोनदा नोंदवू नये म्हणून जी खबरदारी घेतो, तीच पेढीवर वहीत आणि दौतीत घेतली जात होती.

यातली सगळ्यांत डोकेबाज तोड पैसे घेणाऱ्याविषयीची. दर्शनी हुंडी पाहताक्षणी सकारायची, मुदती हुंडी ठरलेल्या दिवसांनी, हा झाला वेळेचा भाग. ती कोणाला द्यायची हा प्रश्न निराळा. धनीजोग हुंडीचे पैसे तिच्या मालकाला, तर शाहजोग हुंडीचे फक्त शाहाला मिळत. शाह म्हणजे त्या बाजारात पत असलेला, पेढीला माहीत असलेला सावकार. हुंडी चोराच्या हाती लागली तरी तो थेट पेढीवर जाऊन हात पसरू शकत नसे. त्याला मध्ये एखादा शाह गाठावा लागे, आणि कोणताही शाह अनोळखी माणसासाठी आपलं नाव सहज पुढे करत नसे. कारण पुढे हुंडी खोटी किंवा चोरीची निघाली, तर घेतलेले पैसे व्याजासकट परत करणं त्याच्याच माथी येई. नाहीतर ज्याच्याकडून हुंडी आली तो माणूस हजर करायचा. हुंडी लिहिणारा शेकडो कोस लांब असला, त्याला विचारायची सोय नसली, तरी व्यवहार सुरक्षित राहायचा तो या नियमामुळे. इंग्रजांनी १८८१ साली पराक्राम्य दस्तऐवजांचा कायदा केला तेव्हा देशी भाषांतल्या कागदांचे असे स्थानिक रिवाज पहिल्याच कलमात शाबूत ठेवले.

महिपतीच्या 'भक्तविजया'तून मराठी घराघरांत पोचलेली नरसी मेहताची गोष्ट या पार्श्वभूमीवर गमतीची वाटते. नरसीने द्वारकेच्या ज्या शामळशाहावर हुंडी लिहिली, त्या नावाची पेढीच तिथे नव्हती. ती सकारायला शेवटी देवाला शेठजी व्हावं लागलं. पेढीच्या नियमाने पाहिलं तर हा सरळसरळ बनावट हुंडीचा गुन्हा, आणि तो निभावला कारण ऐन वेळी पत असलेला कोणीतरी उभा राहिला.

शाहाच्या पतीवर सगळं टांगलेलं असलं की शाहच डळमळल्यावर काय, हाही प्रश्न जुनाच. वडनेरच्या पश्चिमेला, मलकापुरात त्याचं अलीकडचं उदाहरण आहे. मलकापूर अर्बन को-ऑपरेटिव्ह बँकेवर रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २०२१ मध्ये निर्बंध घातले आणि ठेवीदाराला दहा हजारांच्या वर रक्कम काढता येईना. जुलै २०२३ मध्ये बँकेचा परवानाच रद्द झाला. कोणाचा पिन चोरीला गेला नव्हता की कोणाचा फोन हॅक झाला नव्हता. पाच लाखांपर्यंतच्या ठेवींना विम्याचं संरक्षण होतं एवढाच दिलासा.

शाहजोगच्या अगदी उलट पद्धत आंगडिये आणि हवालावाले यांची. यात घेणाऱ्याला नाव विचारत नाहीत. पाठवणाऱ्याने आधीच एखाद्या दहा रुपयांच्या नोटेचा क्रमांक पलीकडे कळवलेला असतो. ती नोट घेऊन येईल त्याला रक्कम मोजून द्यायची आणि नोट ठेवून घ्यायची. क्रमांक एकदाच चालतो. ओटीपी यायच्या कितीतरी आधीचा हा ओटीपी, आणि दोष तोच: नोट ज्याच्या हातात, पैसे त्याचे.

पैशाच्या सुरक्षिततेचा दुसरा मार्ग देणाऱ्याला विचारण्याचा. त्याची खूण घ्यायची, म्हणजे उद्या तो नाकारणार नाही. विल्यम हर्शेल या इंग्रज अधिकाऱ्याने १८५८ साली बंगालमधल्या जंगीपूरला राज्यधर कोनाई नावाच्या कंत्राटदाराच्या हाताचा ठसा करारावर घेतला. पुढे १८९७ मध्ये कलकत्त्यात बोटांच्या ठशांची कचेरी निघाली आणि ठशांच्या वर्गीकरणाचं शास्त्र अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस यांनी तिथे उभं केलं. पोस्टाची मनिऑर्डर सुरू झाली १८८० मध्ये. मग फॉर्मवर डाव्या हाताचा अंगठा, शेजारी साक्षीदाराची सही आणि पोस्टमन नोटा मोजतोय, हे दृश्य खेडोपाडी शंभर वर्षं टिकलं. इथे एक बारकावा आहे. पोस्टमन नुसता अंगठा घेत नसे. तो माणसाला ओळखत असे, आणि ओळखत नसेल तर साक्षीदार ओळखत असे. ठसा हा नंतरचा पुरावा, खरा पहारा ओळखीचा.

ओळख आणि समज बाजूला ठेवून नुसत्या अंगठ्यावर भिस्त ठेवली की काय होतं, ते महाराष्ट्राने १८७५ साली पाहिलं. पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांत शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर चाल केली आणि बहुतेक ठिकाणी त्यांना हवी होती ती फक्त कर्जरोख्यांची बाडं. ती त्यांनी जाळली. कागदांवर त्यांच्याच निशाण्या होत्या, पण वर काय लिहिलंय ते त्यांना वाचता येत नव्हतं. सरकारने १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी जो कायदा केला, त्यात अशिक्षित शेतकऱ्याचे दस्त गावच्या निबंधकासमोर करून घ्यायची तरतूद आली. देणाऱ्याची संमती खरी आहे आणि तरीही तो फसला आहे, ही गोष्ट कायद्याने मान्य केली ती तेव्हा.

यूपीआयच्या काळात ही गोष्ट पुन्हा समोर आली. २०१६ साली यूपीआय आलं, त्याच वर्षी नोटाबंदी झाली, आणि चहाच्या टपरीपासून कृषी केंद्रापर्यंत क्यूआर कोडचे फलक लागले. यूपीआयचा पिन भक्कम आहे. फोन चोरला, त्याचं कुलूप उघडलं, तरी पिनशिवाय खात्याला हात लागत नाही. म्हणून भामट्यांनी पिन फोडायच्या भानगडीत न पडता तो मालकाकडूनच टाकून घेतला. जुना फ्रीज विकायला काढलेल्या माणसाला 'पैसे पाठवतोय, पिन टाका म्हणजे जमा होतील' असं सांगायचं आणि प्रत्यक्षात पैशांची मागणी पाठवायची. पिन बरोबर, माणूस बरोबर, फोन त्याचाच. गेलेले पैसेही त्याचेच. व्यक्तीने व्यक्तीकडे अशी मागणी पाठवायची सोय एनपीसीआयने अखेर १ ऑक्टोबर २०२५ पासून बंद केली. त्याआधी, त्याच वर्षी, आणखी एक हुकूम निघाला होता: पैसे पाठवताना समोरच्याचं बँकेत नोंदलेलं नावच दिसलं पाहिजे, फोनमध्ये साठवलेलं टोपणनाव किंवा क्यूआर कोडमध्ये घातलेलं नाव नाही. जानेवारी २०२५ मध्ये खजुराहोला रात्रीतून दुकानांच्या क्यूआर कोडवर दुसरेच कोड चिकटवलेले आढळले होते. अशा चोरीवर पिन काय करणार? तिथे उपयोगी पडतं ते घेणाऱ्याचं नाव. पहारा पुन्हा त्याच्या दाराकडे वळला.

अंगठाही परत आला. ज्यांच्याकडे स्मार्टफोन नाही त्यांना आधारशी जोडलेल्या खात्यातून बोटाच्या ठशावर गावातच पैसे मिळू लागले. विशेषतः म्हाताऱ्या माणसांची बँकेपर्यंतची खेप त्याने वाचवली, हे कबूल करायला हवं. पण नव्या व्यवस्थेत पोस्टमनची ओळख आणि साक्षीदार, दोन्ही गळाले होते. उरला तो ठसा. जमिनीच्या नोंदणीकृत दस्तांवरचे ठसे उचलून सिलिकॉनची बोटं करणाऱ्या टोळ्या देशात पकडल्या गेल्या. आधार प्राधिकरणाने २०२३ मध्ये यंत्रासमोरचं बोट जिवंत आहे का, हे तपासणारी नवी पद्धत आणली.

नुसतं टेकवून पैसे देणारी कार्डं भारतात त्याआधीच आली होती. पिन न विचारता किती रक्कम जाऊ द्यायची, हे रिझर्व्ह बँकेने मे २०१५ मध्ये ठरवलं: दोन हजार. १ जानेवारी २०२१ पासून ती मर्यादा पाच हजार झाली. कार्ड यंत्राच्या तीन-चार सेंटिमीटर जवळ न्यावं लागतं, त्यामुळे फास्टॅगसारखं ते लांबून वाचलं जात नाही. दरम्यान २०२० मध्ये आणखी एक शहाणपणाचा नियम आला: नव्या कार्डावर ही सोय बंदच येईल, हवी असेल त्याने चालू करून घ्यावी. फोनने टेकवून पैसे देताना बहुतेक वेळा बोट, चेहरा किंवा पिन लागतोच, म्हणून फोन कार्डापेक्षा सुरक्षित मानला जातो. या 'बहुतेक वेळा'तच फट होती.

ती फट आधी दिसली इंग्लंडमध्ये. लंडनच्या भुयारी रेल्वेच्या फाटकाशी प्रत्येकाने फोन उघडत बसलं तर रांग जिन्यापर्यंत जाईल. म्हणून ॲपलने प्रवासासाठी खास सोय केली: फोन कुलूपबंद असला तरी फाटकाला टेकवला की भाडं वळतं व्हावं. फोनला फाटक ओळखू येतं ते कशावरून? फाटकाचं यंत्र सुरुवातीला एक ठरावीक सांकेतिक क्रम सोडतं. बर्मिंगहॅम आणि सरे विद्यापीठांतल्या आंद्रेया राडू, टॉम चोथिया, योआना बोरेआनू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो क्रम पकडला आणि साध्या उपकरणातून आयफोनसमोर वाजवला. आयफोनला वाटलं, फाटक आलं. मग त्याचं बोलणं दुसऱ्या फोनमार्फत एका नेहमीच्या दुकानी यंत्रापर्यंत पोचवलं, आणि वाटेत दोन-चार बिट बदलून त्या यंत्राला सांगितलं की मालकाची ओळख पटलेली आहे. व्हिसा कार्ड असलेल्या, कुलूपबंद आयफोनमधून एक हजार पौंड गेले. सप्टेंबर २०२१ मध्ये हे जाहीर झालं. प्रयोगातले फोन आणि खाती संशोधकांची स्वतःची होती, एवढं सांगायला हवं.

शाहजोगच्या नियमाने पाहिलं तर चूक चटकन सापडते. आयफोनच्या बाबतीतही हुंडी शाहाला द्यायची हे ठरलेलं होतं. शाहाची पारख मात्र त्याच्या पगडीवरून होत होती. फास्टॅगमध्ये नाक्याची नोंदणी बँकेच्या वहीत असते, तो नाका स्वतः काय म्हणतो याला किंमत नाही. इथे यंत्र 'मी फाटक' म्हणालं आणि फोनने ऐकून घेतलं. मास्टरकार्डवर हाच हल्ला चालला नाही, कारण तिथे घेणारा कोणत्या प्रकारचा व्यापारी आहे ही माहिती व्यवहारातच बांधलेली होती. सॅमसंगच्या फोनने कुलूपबंद अवस्थेत फक्त शून्य रकमेचा व्यवहार मान्य केला, भाडं नंतर वाहतूक कंपनीने आकारायचं. हे दोन्ही उपाय एखाद्या जुन्या मुनिमानेही सुचवले असते. ॲपलने बोट दाखवलं व्हिसाकडे. व्हिसाचं म्हणणं पडलं की प्रयोगशाळेतला हल्ला बाजारात मोठ्या प्रमाणावर चालत नाही. प्रत्यक्षात अशी लूट झाल्याचं तेव्हा पुढे आलं नव्हतं, म्हणून व्हिसाचा मुद्दा निव्वळ हेकेखोर म्हणता येत नाही. पण दोन मोठ्या पेढ्यांनी एकाच हुंडीची जबाबदारी एकमेकींवर ढकलावी, हे शाहाच्या रिवाजात बसणारं नव्हतं.

महाराष्ट्रातल्या प्रवाशासाठी वाट जरा वेगळी निघाली. मुंबईत मेट्रोच्या २अ आणि ७ या मार्गांवर जानेवारी २०२३ मध्ये 'मुंबई वन' कार्ड आलं, पुण्याच्या मेट्रोनेही आपलं कार्ड काढलं. ही कार्डं राष्ट्रीय सामायिक कार्डाच्या धर्तीची आहेत. त्यांच्यातल्या चिपमध्ये दोन हजारांपर्यंत रक्कम आधीच भरून ठेवायची. फाटक ती बँकेला न विचारता, मालकाला न विचारता कापून घेतं. कार्ड हरवलं तर आतले पैसे गेले, पण मागच्या खात्याला धक्का नाही. पिन न मागणाऱ्या यूपीआय लाइटचाही हाच विचार: सप्टेंबर २०२२ मध्ये एका वेळी दोनशे रुपये, नंतर पाचशे, आता एक हजार, आणि फोनमधल्या पाकिटात एकूण पाच हजार. चोरी अशक्य करायची नाही, तिला काठ घालायचा. बाजाराला जाताना कनवटीला मोजकेच पैसे बांधणाऱ्या बाईला हे कोणी समजावून सांगावं लागत नाही.

मग नुकसान झालंच तर ते कोणाच्या माथी? शाहाला व्याजासकट परतफेड करावी लागे. रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या नियमात व्याजाऐवजी दिवस मोजलेले आहेत. चूक बँकेचीही नाही आणि ग्राहकाचीही नाही, व्यवस्थेत कुठेतरी आहे, अशा वेळी ग्राहकाने तीन कामकाजी दिवसांत कळवलं तर त्याचं काहीच जात नाही. चार ते सात दिवस लागले तर साध्या बचत खात्याला दहा हजारांपर्यंतची झळ बसू शकते, त्यापुढे बँकेचं धोरण. ग्राहकाची जबाबदारी सिद्ध करायचं ओझं बँकेवर. कुलूपबंद फोनमधून किंवा टेकवलेल्या कार्डातून परस्पर पैसे गेले, तर माणूस या नियमात बसतो. ज्याने भामट्याच्या सांगण्यावरून स्वतःच्या हाताने पिन टाकला, त्याचं तसं नाही. तक्रार नोंदवेपर्यंत गेलेले पैसे त्याचे स्वतःचे. नोंदवल्यानंतर जे जातील ते बँकेचे. सायबर गुन्ह्यांच्या मदतीचा क्रमांक १९३० असा चारच आकड्यांचा आहे, आणि पैसे भामट्याच्या खात्यातून पुढे सरकायच्या आत तो फिरवला गेला तर ते वाटेत गोठवता येतात.